रांगोळीचा गेम ४९ रुपयांना कोण घेणार?

पत्र आलंय सांगलीहून. थोडं कापून देतोय, बाकी शब्द तिचेच.

"दादा, हिंजवडीतली नोकरी सोडून दीड वर्ष झालं. मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून एक गेम केला. बोट न उचलता ठिपक्यांभोवती रेघ फिरवायची आणि रांगोळी पुरी करायची, १२० लेव्हल आहेत. 'लूपिस्ट्रा' नावाने प्ले स्टोअरवर ४९ रुपयांना टाकला. चार महिन्यांत २११ विकले गेले, त्यातले निम्मे तरी नातेवाईक आणि जुन्या ऑफिसातले. स्टोअर ३० टक्के कापतं, ते जाऊन ७,२३७ रुपये. एकाने एक स्टार देऊन लिहिलंय 'पैसे घेता आणि हिंट पण देत नाही', अहो हिंट आहे, कोपऱ्यात पणती आहे ना! वर गेल्या महिन्यात कोणीतरी असाच गेम फुकट काढला, त्याचे ५० हजार डाउनलोड झाले पण. एक एजन्सी म्हणते ४० हजार द्या, ५० हजार इन्स्टॉल आणून देतो. भाऊ म्हणतो मॅक घेऊ, आयफोनवर जाऊ, तिकडचे लोक पैसे देतात. बाबा म्हणतात नोकरी बघ. साठवलेले पैसे मार्चपर्यंत पुरतील. फुकट करू का? ॲड टाकू का? की बंद करू? – रांगोळीवाली"

अगं रांगोळीवाली, पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम काय केलं तर ४९ रुपये भरून गेम घेतला, म्हणजे आता २१२ झाले बघ. दोन दिवस खेळलो, मग आईच्या हातात दिला, त्याचं शेवटी सांगतो.

आधी पैशाचं. तुझे ३० टक्के का कापतायत? १ जुलै २०२१ पासून गूगल वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्केच घेतं, आणि तू मी त्या १० लाखाच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही. पण ते आपोआप होत नाही गं, प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गेम जिथून स्टोअरवर टाकलास त्या पानावर, जाऊन अकाउंट ग्रुप तयार करून त्यात नाव नोंदवावं लागतं, नाहीतर ते बिनबोभाट ३० कापत राहतात. हे आज रात्री जेवायच्या आधी करून टाक. ॲपलचंही तसंच, त्यांची छोट्या डेव्हलपरसाठीची स्कीम १ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, तिथेही १५ टक्के आणि तिथेही अर्ज आपणच करायचा. तुझ्या २११ कॉपीवर यातून दीड हजारच वाचले असते हे खरं, पण दीड हजारात तुमच्या दोघांचं महिन्याचं नेटचं बिल निघतं.

आता खरं दुखणं. तुला वाटलं आपण लक्ष्मी रोडवर दुकान टाकलं, येणारे जाणारे डोकावतील, दहातला एक तरी घेईल. प्रत्यक्षात तुला मार्केट यार्डातल्या गोदामात एक खण मिळालाय आणि त्यावर पाटी पण नाही. जुलै २००८ मध्ये ॲपलचं स्टोअर उघडलं तेव्हा आत साधारण ५०० ॲप होती, तेव्हा नुसतं आत असणं हीच जाहिरात होती. ते दिवस संपले. आज स्टोअर कोणाला तुझ्या खणापर्यंत आणून सोडत नाही, माणूस आधी कुठेतरी बाहेर तुझा गेम बघतो, नाव टाइप करतो, मग येतो. नाहीतर सर्चमध्ये एखादा शब्द टाकतो आणि त्या शब्दाला तू सापडावी लागतेस. आणि 'लूपिस्ट्रा' असं जगात कोण टाइप करणार आहे सांग बरं? रागावू नकोस, नाव छान वाटतं कानाला, पण ते तुम्हा दोघांनाच माहिती आहे.

यावर मी नंतर येतो कारण मला वाटतं तुझं सगळं उत्तर तिथेच आहे. आधी तुझे प्रश्न एकेक करून.

फुकट करू का? हो, अँड्रॉइडवर कर. आणि ४९ रुपये जास्त आहेत म्हणून नाही हं. २०१५ मध्ये गूगलने भारतात कमीत कमी किंमत ५० वरून १० रुपयांवर आणली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता लोक घेतील, पण चहाच्या किमतीत सुद्धा लोक न बघितलेली वस्तू घेत नाहीत. भाजीवाला सुद्धा पेरू कापून दाखवतो. हे फक्त आपल्याकडचं आहे असंही समजू नकोस. मॉन्युमेंट व्हॅली नावाचा गेम तू खेळली असशीलच, लंडनच्या उसटू कंपनीचा, इतका देखणा गेम, जगभर नावाजलेला, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी जेमतेम ५ टक्के पैसे भरून घेतलेले आहेत. आयफोनवर सुद्धा ४० च. (यात एकाच माणसाचे दोन फोन वगैरे धरलेत, सगळीच चोरी नाही, तरी पण.) टोरांटोच्या स्नोमॅन कंपनीने आल्टोज ॲडव्हेंचर हा गेम आयफोनवर पैसे घेऊन विकला आणि अँड्रॉइडवर आणताना सरळ फुकट करून ॲड टाकल्या. एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांनी जिथे हात टेकले तिथे तू सांगलीत बसून हट्ट कशाला करायचा.

पण घाईघाईने बटण दाबू नकोस! प्ले स्टोअरचा एक नियम बऱ्याच जणांना दाबल्यावरच कळतो. पैशाचा गेम एकदा फुकट केला की तोच गेम परत पैशाचा करता येत नाही. नवीन पॅकेज नावाने (स्टोअर गेमला आतून ज्या नावाने ओळखतं ते) पुन्हा पहिल्यापासून टाकावा लागतो, रिव्ह्यू बिव्ह्यू सगळे गेले. म्हणून क्रम असा ठेव की आधी एक अपडेट काढ ज्यात आत्ता ज्यांच्याकडे गेम आहे त्यांची नोंद राहील, ती दोनतीन आठवडे पसरू दे, आणि मगच किंमत काढ. त्या २१२ जणांना कधीही ॲड दिसता कामा नये. तुझ्या मावशीने ४९ रुपये भरलेत, तिला वॉशिंग पावडरची जाहिरात दाखवलीस तर दिवाळीला फराळ मिळणार नाही.

ॲड टाकू का? टाक, पण कुठे ते महत्त्वाचं. खालची बॅनरची पट्टी नको, रांगोळीच्या पायाशी कचऱ्याची टोपली ठेवल्यासारखं दिसेल. दोन लेव्हलच्या मध्ये जबरदस्तीने येणारी पण सुरुवातीला नको. हिंट हवी असेल तर स्वतःहून बघायची ॲड, ज्याला रिवॉर्डेड म्हणतात, ती ठेव, आणि ९९ रुपये एकदाच भरून ॲड कायमच्या बंद आणि सगळ्या हिंट मोकळ्या, एवढंच. ज्याला चाळीस लेव्हल खेळून गोडी लागली तो ९९ देईल, कारण आता त्याला माहिती आहे तो काय घेतोय.

आणि घरच्यांना आत्ताच ताकीद दे की मदत म्हणून ॲडवर क्लिक करत बसू नका. हे मी फार वेळा पाहिलंय, काका लोक प्रेमाने दिवसाला पन्नास क्लिक करतात आणि गूगल अकाउंटच बंद करतं, मग कितीही मेल लिहा. ॲडमॉबचे, म्हणजे गूगलच्या ॲड देणाऱ्या सेवेचे, पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय निघत नाहीत, आणि परदेशातून जमा होणार असतील तर बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे त्याचा कोड, विचारेल, तेव्हा गोंधळू नकोस, आधीच एखाद्या सीएकडे अर्धा तास बसून ये, जीएसटीचंही तिथेच विचारून घे. उगाच आशा लावत नाही, भारतातल्या ॲडचा भाव अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी आहे, नुसत्या ॲडवर दोघांचं घर चालायला रोज खेळणारे लोक हजारोंनी लागतात.

तो फुकट गेमवाला. राग येणारच. पण आधी शांतपणे बघ त्याने नक्की काय उचललंय. तुझी चित्रं, तुझे रंग, तुझ्या लेव्हल जशाच्या तशा असतील तर गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म आहे, दोन्हीचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून भर. पण नुसती कल्पना उचलली असेल, ठिपके आणि रेघ, तर काही होत नाही, ती कल्पना तुझीही नाही गं, तुझ्या आजीच्या आजीची आहे. २०१४ ची गोष्ट आठवते का, थ्रीज नावाचा आकड्यांचा गेम, तिघांनी वर्षाहून जास्त घासून केला, फेब्रुवारीत आणला पैसे लावून, आणि मार्चमध्ये इटलीतल्या १९ वर्षांच्या एका मुलाने २०४८ नावाचा तसलाच गेम काढला, फुकट. तुझ्या बाबांना विचार त्यांनी कुठला खेळलाय. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या गेमवाल्यांनी उलटं केलं, मोबाइलवर आपल्या नकलांचा सुळसुळाट झालाय बघितल्यावर २०२२ च्या डिसेंबरात स्वतःच फुकट उतरले, आणि ॲड बघायची की नाही ते खेळणाऱ्यावर सोडलं. मला तो मार्ग आवडतो. नकलेशी भांडण्यात जे दिवस जातात ते कोणी भरून देत नाही.

आता ती एजन्सी. इथे मात्र मी दादागिरी करणार. नाही म्हणजे नाही. २०१३ मध्ये माझा एक गेम होता, विहिरीत उड्या मारणाऱ्या पोरांचा, मलाही असाच फोन आला होता, २५ हजार दिले. तीन दिवसांत दहा हजार इन्स्टॉल आले, मी बायकोला पेढे आणले. चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला आणि दहाव्या दिवशी गेम ठेवलेले लोक होते चाळीस का पन्नास. लेव्हल दोन कोणीही खेळलं नव्हतं, दहा हजारातल्या एकानेही! ती माणसं नव्हतीच, कुठेतरी रांगेत मांडलेले फोन असणार. विकतचे इन्स्टॉल आणि विकतचे रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत, गेमच काढून टाकू शकतात. ४० हजारात तुमचे दोन महिने निघतात.

भावाचा मॅक. त्याचं अगदीच चुकीचं नाहीये, आयफोनवर पैसे भरणारे जास्त असतात हे खरं. पण आयफोनचा गेम बनवायला लागणारा तो ॲपलचा कॉम्प्युटर, वर दर वर्षी ९९ डॉलर ॲपलला, गूगलचे २५ डॉलर तरी एकदाच असतात. आणि तिथेही गोदामच आहे, फक्त जरा चकाचक. अँड्रॉइडवर अनोळखी लोक गेम ठेवून घेतायत असं दिसलं की कोणाचा तरी जुना मॅक आठवडाभर उसना मागा. तोपर्यंत त्याला म्हणावं साध्या फोनवर गेम तपासत बस, सात आठ हजारवाला, दोन जीबी रॅमचा, कारण गूगल गेम किती वेळा बंद पडतो तेही बघतं, रोजच्या खेळणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त जणांचा गेम क्रॅश झाला किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त जणांचा अडकून पडला तर स्टोअर तुला मागे ढकलू शकतं. कन्सोलमध्ये व्हायटल्स म्हणून पान आहे, ते कधी उघडलंस का? माझ्या फोनवर ६४ नंबरची लेव्हल दोनदा अडकली.

आता नावाकडे येतो.

तू जे केलंयस ते तू 'पझल' म्हणून विकतेयस, माहितीत लिहिलंयस इंग्रजीत 'मिनिमल लूप पझल फॉर युवर ब्रेन', आणि पझल या शब्दावर सगळ्या जगाशी तुझी कुस्ती आहे, ज्यांच्याकडे जाहिरातीला रोजचे लाखो आहेत अशांशी. आणि रांगोळी हा शब्द कुठेच नाही! दिवाळीच्या आधी आपल्याकडे फूटपाथवर ठिपक्यांच्या रांगोळीची पुस्तकं दहा वीस रुपयांना मिळायची, बायका उभ्या राहून चाळून घ्यायच्या, चैत्रात चैत्रांगण काढणाऱ्या अजून आहेत, यूट्यूबवर रांगोळीच्या व्हिडिओला लाखांनी बघणारे आहेत, त्यातल्या एकीलाही तू सापडत नाहीस. लूडो किंग आठव, नवी मुंबईचा गेम, २०१६ मध्ये आला. नावातच लूडो. शिकवायची गरज नाही, समजावायची गरज नाही, लहानपणी घरी पुठ्ठ्याचा पट होता तोच. लॉकडाऊनमध्ये तर अख्खं खानदान त्यावर. तुझ्याकडे तशीच घराघरातली गोष्ट आहे आणि तू तिला बुरखा घालून बसवलीस.

आणि फक्त मराठी नाही. बोट न उचलता ठिपक्यांभोवती वळणं घेत जाणारी रेघ, ही तर खरी तमिळ लोकांची चीज आहे, कोलम, त्यात ते गाठीगाठीचं सिक्कु कोलम म्हणतात ते. आंध्र तेलंगणात मुग्गु, कर्नाटकात रंगोली किंवा रंगवल्ली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी यांनी सत्तरच्या दशकात या कोलमच्या रेघांवर कॉम्प्युटरच्या व्याकरणासारखा अभ्यास केला, म्हणजे तुझी लेव्हल तयार करणारी जी स्क्रिप्ट आहे ना, तिचे आजोबा चेन्नईत आहेत. प्ले स्टोअरवर प्रत्येक भाषेत नाव, माहिती आणि स्क्रीनशॉट वेगळे देता येतात, गेम तोच. नावाला ३० अक्षरं मिळतात, छोट्या माहितीला ८०, त्यात मराठीत रांगोळी आणि ठिपके, तमिळमध्ये कोलम, तेलुगूत मुग्गु हे शब्द आलेच पाहिजेत, पहिलेच. 'फ्री' किंवा 'नंबर वन' नावात घालू नकोस, चालत नाही. आणि भाषांतर मशीनवर सोडू नकोस, जुन्या ऑफिसात एखादी चेन्नईची, एखादी विजयवाड्याची मैत्रीण असेलच, तिला दाखव, तिच्या आईला दाखव, आई हसली तर शब्द बदल.

वेळ पण बघ. दिवाळी अगदी तोंडावर आहे, ती गाठायला गेलीस तर अर्धवट काहीतरी बाहेर पडेल. पण तमिळ मार्गळी महिना डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि पोंगलपर्यंत चालतो, त्या महिनाभर पहाटे दारात रोज कोलम, गल्लीत चढाओढ असते कोणाचं मोठं. रोज! रोज एक नवीन रांगोळी देणारा गेम असेल तर त्याला यापेक्षा चांगला महिना नाही. म्हणून १२० च्या १२० लेव्हल एकदम ओतू नकोस, 'आजची रांगोळी' असं एक रोजचं पान कर, पुरी झाली की तिचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवता यावं, खाली लहानसं गेमचं नाव. ते चित्र तुझी पाटी. गुढीपाडव्याला मग आपल्याकडे जोर लाव, तोपर्यंत चुका कळलेल्या असतील.

एजन्सीला देणार होतीस त्यातला दहावा हिस्सा पण लागणार नाही, रांगोळीचे व्हिडिओ करणाऱ्या दहा पंधरा बायकांना साधा मेसेज टाक, मोठ्या चॅनेलवाल्या उत्तर देणार नाहीत, छोट्या देतील. त्यांच्या स्वतःच्या एका रांगोळीची लेव्हल बनवून दे त्यांच्या नावाने, विचारून. त्या ती चार जणींना दाखवल्याशिवाय राहणार नाहीत.

एक बाजूची गोष्ट, पण मुलगी म्हणून तुला सांगायलाच हवी. पर्सनल अकाउंटवरून पैसे कमावणारं ॲप असेल तर प्ले स्टोअर तुझं नाव आणि अख्खा पत्ता लोकांना दाखवतं. मी तुझ्या गेमच्या पानावर खाली गेलो तर तुमच्या घराचा मजल्यासकट पत्ता होता. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होतं, त्यावर डन्स नंबर (धंद्याचा ओळख क्रमांक) काढून ऑर्गनायझेशन अकाउंटवर जा आणि तिथे घराऐवजी कुठला तरी ऑफिसचा पत्ता लाव. कटकट आहे, पण कर.

आणि बाबा. बाबांना व्हिलन करू नकोस, त्यांनी पासबुक बघितलंय. मार्च संपेपर्यंत थांबून मग घाबरून कुठलीही नोकरी धरण्यापेक्षा आत्ताच आठवड्यातले तीन दिवस फ्रीलान्स काम घे, कुठल्या तरी कंपनीच्या ॲपचं, कंटाळवाणं असेल, असू दे. लूडो किंग काढणारे विकाश जयस्वाल आधी इंडियागेम्समध्ये नोकरी करत होते, २०१० मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि लूडो किंग आला २०१६ ला, मधली वर्षं काय फुकट बसून काढली नाहीत त्यांनी. शिवाय गेम बाजारात टाकला की संपलं असं नसतं, दर वर्षी ऑगस्टअखेर गूगल नव्या अँड्रॉइडसाठी गेम अपडेट करायला लावतं, नाही केलास तर नव्या फोनवर तो दिसेनासा होतो. म्हणजे हे गाय पाळण्यासारखं आहे, धार काढा न काढा चारा घालावाच लागतो.

बंद करायचं की नाही हे पोंगल झाल्यावर ठरव, आणि डाउनलोडवर ठरवू नकोस. एकच आकडा बघ. आज ज्या अनोळखी लोकांनी गेम घेतला त्यातले उद्या किती परत आले. या धंद्यातले लोक शंभरात चाळीस म्हणजे चांगलं असं धरतात. तू तीसच्या पुढे असलीस तर मला लिही, मॅकचं बघू. दहाच्या खाली असलीस तर गेम तसाच स्टोअरवर राहू दे आणि बायोडेटात पहिल्या ओळीत लिही, १२० लेव्हलचा गेम पुरा करून बाजारात आणलेली माणसं मुलाखतीला फार येत नाहीत.

हां, आईचं राहिलं. आईचं वय ७१, संस्कारभारतीच्या रांगोळ्या काढून हात बसलेला. २२ लेव्हल सटासट केल्या. २३ ला अडकली, वीस मिनिटं बोट फिरवत होती, मग फोन बाजूला ठेवून म्हणाली, "अरे यात विचारायचं कुठे?" मी म्हटलं कोपऱ्यात पणती आहे की. तर म्हणाली, "ती होय, मला वाटलं शोभेची आहे." त्या एक स्टारवाल्याला रिप्लाय देऊन टाक, आणि पणतीच्या खाली 'मदत' असं लिही, मोठ्या अक्षरात.